भांगात शाळा, उधाणात सुट्टी

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला वरिष्ठांकडून मिळालेला पहिला हुकूम असा होता : "घरी जा आणि झोप काढ."

मी माकुणसारची. नेमणुकीचा कागद हातात पडला तेव्हा आईने नवी साडी नेसवली, तळहातावर दही ठेवलं आणि सफाळ्याला गाडीत बसवून दिलं. बोईसरला उतरले, तिथून टेंपोत मासळीच्या रिकाम्या पाट्यांमध्ये अंग चोरून बसले आणि साडीला सुरकुती पडू न देण्याच्या खटपटीत नवापूरच्या अलीकडच्या त्या मच्छीमारांच्या गावात पोचले. वार मंगळवार. ना सण, ना कोणाची जयंती. आणि शाळेला हे एवढं कुलूप.

पायरीवर एक ठेंगणी, सावळी बाई बसली होती. रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा मांडीवर घेऊन ती त्याला नवी दोरी बांधत होती. तो तुकडा म्हणजे शाळेची घंटा हे मला नंतर कळलं, आणि ती बाई म्हणजे मुख्याध्यापिका हे त्याहून नंतर.

"नवी बाई का गो तू?" तिने मान वर न करता विचारलं.

"हो. रुजू व्हायला आलेय. मुख्याध्यापक कुठे भेटतील?"

"भेटल्या तुला. आज सुट्टी हाय. घरी जा आणि झोप काढ. मी बी तेच करायला चालले. रविवारी ये, ताजी होऊन."

"रविवारी?"

"रविवारी भांग हाय. आज उधाण हाय." एवढं बोलून त्या उठल्या, घंटा खांद्यावर टाकली आणि शेजारच्या घरात शिरल्या. दार लागलं.

मी दुपारी घरी परत आले तेव्हा आईने रडायलाच सुरुवात केली. तिला वाटलं, मला पहिल्याच दिवशी काढून टाकलं. बाबा म्हणाले, "रविवारी शाळा? तू बरोबर गावात गेली होतीस ना?" मी मात्र रविवारी गेले. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत माझ्या रुजू होण्याच्या तारखेवर बोट ठेवून प्रत्येक कारकुनाने मला विचारलं आहे, "बाई, हा रविवार येतो हो!" येतो तर येतो. मी काय करू? आमच्या मुख्याध्यापिका तांडेलबाईंना विचारा.

समुद्रकाठी न राहिलेल्यांसाठी सांगते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला भरती-ओहोटीला जोर असतो, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी मऊ पडतं, तो भांग. उधाणात पाण्याच्या ओढीने जाळी भरतात, होड्या गच्च होऊन येतात आणि गावातल्या बायकापोरांना मान वर करायला फुरसत नसते. मासळी निवडायची, धुवायची, बोंबील बांबूंच्या वलांडीवर टांगून वाळवायचे. भांगात होड्या किनाऱ्याला लागतात आणि गाव मोकळं होतं. हे सगळं अगदी उघड होतं. फक्त वरून ठरून येणाऱ्या सुट्ट्यांना ते ठाऊक नव्हतं. त्या सुट्ट्या तारखेने यायच्या आणि समुद्र तिथीने चालायचा. मग उधाणात शाळा उघडी आणि वर्गात चार टाळकी, भांगातल्या रविवारी शाळा बंद आणि पोरं किनाऱ्यावर विटीदांडू खेळतायत, असा सगळा उलटा कारभार.

बाईंनी तो सुलटा केला. मासेमारीच्या दिवसांत ऐन उधाणाचे दिवस शाळा बंद ठेवायची आणि तेवढे दिवस भांगातल्या रविवारी भरून काढायचे. परवानगी वगैरे भानगडीत त्या पडल्या नाहीत. "इचारलं का नाय म्हणतील," त्या म्हणायच्या. "इचारलं नाय तर त्यांना कळायलाच दोन वर्षं जातील." प्रत्यक्षात त्याहून जास्त गेली.

त्यांचं आडनाव तांडेल, आणि यजमान खरोखरच होडीवर तांडेल होते, म्हणजे होडीचे कप्तान. लोक थट्टेने म्हणायचे की घरात दोन तांडेल आहेत, पण ऐकणारा खलाशी एकही नाही. बाईंचा आवाज असा की पहिलीच्या वर्गात त्यांनी 'अ अननसाचा' म्हटलं की सातवीतली पोरं दचकायची. पाठीचा कणा ताठ, पदर खोचलेला, केस खोबरेल लावून चापून बसवलेले आणि मधोमध भांग फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ. वर्गात शुद्ध पुस्तकी बोलायच्या आणि उंबरठ्याबाहेर पाय पडला की गावचं. एकच वाक्य अर्धं आत आणि अर्धं बाहेर झालं तर त्यात दोन्ही यायचं.

तारीख हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. ऑफिसातून निरोप यायचा, अमुक तारखेला पालघरला मीटिंग. बाई भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभ्या राहून पुटपुटायच्या, "म्हंजे एकादशी. बघू." षष्ठी-सप्तमीला बोलावणं आलं तर त्या जायच्याच नाहीत. भांगातला चांगला दिवस मीटिंगला घालवायचा, हे त्यांना अन्न फेकून दिल्यासारखं वाटायचं.

शाळा सातवीपर्यंत. वर्ग सात आणि शिकवणारे आम्ही तिघं : बाई, पाटील गुरुजी आणि मी. बाकीच्या जागा रिकाम्या. म्हणजे नेमणुका व्हायच्या, माणसंही यायची, पण गावात पाय ठेवल्याबरोबर वाळत्या बोंबलांचा वास नाकात शिरायचा आणि दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज. जे उरायचे त्यांच्यामागे गणनेला मास्तर, मतदारयादीला मास्तर, कुटुंबनियोजनाच्या केसेस आणायला मास्तर. एका मीटिंगमध्ये साहेबांनी बाईंना भर सभेत विचारलं, तुमच्या गावाचं कुटुंबनियोजन मागे का? बाई उभ्या राहिल्या. "साहेब, आधी माझे मास्तर वाढवा. मग गावातली पोरं कमी करायचं बघते." सभा हसून हसून मोडली. मास्तर वाढले नाहीत ते नाहीतच.

त्या उधाणाच्या सुट्ट्या पोरांसाठी आहेत असं गाव समजायचं. निम्मं खरं होतं. निम्म्या सुट्ट्या आमच्यासाठी होत्या. दमलेल्या माणसाने वर्गात उभं राहू नये, यावर बाईंचा एखाद्या व्रतासारखा विश्वास होता. "पोरं पुस्तक नंतर वाचतात. आधी मास्तरचं तोंड वाचतात," त्या म्हणायच्या. शाळा सुटल्यावर वह्या घरी न्यायला बंदी. मी एकदा पिशवीत लपवून नेत होते तर दारात अडवून पिशवी तपासली, जशी काही मी शाळेची खुर्ची पळवत होते. सुट्टीच्या दिवशी त्या स्वतः दुपारभर झोपायच्या, आणि ती झोप चोरून नाही, उजळ माथ्याने. कोणी विचारलं तर, "झोपले होते," असं त्या 'पूजा करत होते' म्हणावं तशा सांगायच्या.

पाटील गुरुजींची गोष्ट गावात अजून सांगतात. गुरुजी मोठे कष्टाळू. दुसरी, तिसरी आणि चौथी हे तिन्ही वर्ग त्यांच्याकडे, आणि तिघांमध्ये ते हातमागावरच्या धोट्यासारखे इकडून तिकडे फिरत असायचे. शिमग्याच्या आधीचे दिवस होते. परीक्षेची तयारी, त्यात कुठल्याशा यादीचं काम, रात्रीची जागरणं. एका सकाळी गुरुजी दुसरीच्या वर्गात गेले आणि त्यांनी चौथीची हजेरी घ्यायला सुरुवात केली. दुसरीची पोरं गुणी. गुरुजींना वाईट वाटू नये म्हणून ती ज्याच्या-त्याच्या नावाला "हजर" म्हणत राहिली. कोणी आपल्या मोठ्या भावाच्या नावाला, कोणी शेजारच्या दादाच्या. हजेरी पुरी झाली. मग गुरुजींनी फळ्याकडे तोंड केलं, "पाच त्रिक पंधरा" म्हणाले, "पंधरा चोक आग्र्याहून सुटका" म्हणाले आणि खडू हातात घेऊन तसेच उभे राहिले. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "मी कुठल्या वर्गात चाललो होतो हो?"

बाईंनी ते पाहिलं. जाऊन घंटा बडवली, शाळा सुटल्याची लांब घंटा. आणि बाहेरच्या फळ्यावर, जिथे सुविचार लिहायचा असतो तिथे, ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'आज पाटील गुरुजी दमले आहेत. शाळा उद्या भरेल.'

गुरुजी लाजेने अर्धे झाले. "बाई, असं नका हो लिहू. ताप आला म्हणून लिहा."

"ताप आला का ताप लिहीन. दमणं काय चोरी हाय?"

फळा संध्याकाळपर्यंत तसाच राहिला. वाचता येणाऱ्यांनी तो वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवला. दिवेलागणीच्या आत गुरुजींच्या खोलीवर बोंबलाचं कालवण, भाकरी, कुणाकडून आलेली पापलेटं अशी रीघ लागली. एक म्हातारी तर खोबरेलाची बाटली घेऊन डोकं चोळायला आली. गुरुजी दुसऱ्या दिवशी ताजेतवाने होऊन आले खरे, पण पुढे महिनाभर त्यांना गावातून चालणं मुश्कील झालं. प्रत्येक ओट्यावरून हाक यायची, "गुरुजी, दम गेला का?" मात्र त्या दिवसानंतर गुरुजींनी बदलीचा विषय काढला नाही. जिथे माणसाला दमायची मुभा आहे ती जागा कोण सोडील?

बाईंच्या जिवाला घोर होता तो एकाच गोष्टीचा : सातवी. तालुक्याच्या ऑफिसात बोलणं चाललं होतं की या शाळेचे वरचे वर्ग बंद करून पोरं बोईसरच्या शाळेत घालावीत. शिक्षक नाहीत, आणि तपासणीला माणूस गेला की शाळेला कुलूप. ते साहजिकच होतं, कारण तपासणीवाले तारखेने यायचे. मुलगे गेले असते बोईसरला. मुली गेल्या नसत्या. कारखान्यांच्या वस्तीतून, ट्रकांच्या रस्त्याने बारा-तेरा वर्षांची पोर एकटी कोण पाठवणार?

अशा पोरींत पुढे होती हिरू. बाईंच्या शेजारणीची, पारूबायची लेक. त्या साली सहावीत होती. उधाणात डोक्यावर पाटी, भांगात हातात पुस्तक, आणि दोन्ही तितक्याच झपाट्याने. बाई तिला काही बोलून दाखवत नसत, पण मला म्हणाल्या होत्या, "हिरू सातवी झाली का मागची सगळी रांग येते. हिरू थांबली का रांग तिथंच बसली." तेव्हा मला कळलं की या बाई नेमकं काय धरून बसल्या आहेत.

आणि अशा नाजूक वेळी ऑफिसने आमच्याकडे एक गुरुजी तात्पुरत्या कामगिरीवर पाठवले. घाटावरचे, बार्शीकडचे, सज्जन गृहस्थ. समुद्र त्यांनी कॅलेंडरवरच्या चित्रात पाहिलेला. ते आले त्या दिवशी बाई आयांना जमवून सांगत होत्या, "पोरांना भांगात पाठवा गो, रविवार असला तरी पाठवा. भांगात डोकं कसं चालतं त्यांचं!" गुरुजींनी चमकून पाहिलं. पाटील गुरुजी कौतुकाने त्यांच्या कानाला लागले, "आमच्या बाई भांगात काय शिकवतात म्हणून सांगू! दिवसभर थकत नाहीत. उधाण आलं की मात्र झोपून असतात."

घाटावर भांग एकच, ती घोटून पितात ती. 'भांगेत' म्हणायच्या जागी ही माणसं 'भांगात' म्हणतात, ते या लोकांचं व्याकरणच कच्चं असणार, असं त्यांनी मनाशी धरलं. एक मात्रा काय ती इकडची तिकडे. ते संध्याकाळच्या टेंपोने गेले ते थेट पालघरच्या ऑफिसात, आणि कानांना हात लावून म्हणाले, "साहेब, त्या शाळेत पोरांना भांग देतात. बाई स्वतः घेतात. मोठ्या खुशीत सांगतात."

झालं. शिंदेसाहेब नावाचे विस्तार अधिकारी स्वतः चौकशीला निघाले. तेही घाटावरचेच, नुकते बदलून आलेले. ऑफिसातल्या शिपायाने मला स्टेशनवर गाठून बातमी दिली, पण बाईंना सावध करायला मी बोईसरला टेंपोत चढले तर समोरच्या पाटीवर साहेबच बसलेले. त्यांची जीप बंद पडली होती. नाकाला रुमाल, मांडीवर फाइल. मला ओळखून म्हणाले, "बरं झालं भेटलात. तुम्ही त्याच शाळेत ना? तब्येत ठीक आहे ना तुमची?" मी म्हटलं ठीक आहे. त्यांनी माझे डोळे नीट निरखून पाहिले.

दिवस अर्थातच उधाणाचा. शाळेला कुलूप. साहेबांनी कुलपाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. बाईंच्या ओट्यावर पारूबाय विळीवर मासे साफ करत बसली होती, दारात आडवी.

"मुख्याध्यापिका कुठे आहेत?"

"बाई निजल्यात."

"मी तालुक्याहून आलोय."

"आलात तर बसा. बाई निजल्यात."

"उठवा त्यांना."

"उठवाचं नाय," पारूबाय म्हणाली. विळीवरचा हात थांबला नाही. "भांगात रईवार धरून शिकवलंय त्यांनी. आता उधाण हाय. आज कोणी उठवाचं नाय."

साहेब खाली वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "भांगेचा अंमल आहे का अजून?"

"भांग कवाच सरला!" पारूबाय म्हणाली. "भांगात बाई निजत नाय. भांग सरला का निजतात."

"सरली? म्हणजे सध्या शिल्लक नाही?"

"आता आठ दिसांनी येल."

"कुठून येते?"

पारूबायने माशाच्या रक्ताने भरलेलं बोट समुद्राकडे केलं. "तिकडून."

"समुद्रमार्गे!" साहेब माझ्याकडे वळून पुटपुटले. तेव्हा किनाऱ्यावर चोरटा माल उतरतो अशा बातम्या रोज यायच्या. प्रकरण आपल्या हाताबाहेरचं आहे, पोलिसांकडे जावं लागणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. मला हसू आवरेना आणि हसायची सोयही नव्हती, कारण त्या फाइलीत आमची सातवी होती.

तेवढ्यात हिरू डोक्यावर बोंबलांची पाटी घेऊन आली. साहेबांनी तिला प्रेमाने जवळ बोलावलं. "बाळ, कितवीत तू?"

"सहावी."

"भांगात शाळेत जातेस?"

"रोज. रईवारी बी."

"मग काय होतं?"

"गणितं होतात."

"डोकं जड होत नाही?"

हिरूने प्रामाणिकपणे विचार केला. "अपूर्णांकाला होतं."

साहेबांनी हात टेकले. ओट्यावर गुंडाळून ठेवलेल्या जाळ्याच्या ढिगावर बसले. ऊन कलत होतं, वारा सुटला होता. बोलता बोलता कळलं की ऑफिसातही माणसं नाहीत, एकट्या शिंदेसाहेबांकडे आणखी दोघांचा कार्यभार आहे आणि किती दिवसांत त्यांनी एक दुपार मोकळी पाहिलेली नाही. ते हे सांगता सांगता थांबले. मी वळून पाहिलं तर मान कलंडली होती, रुमाल नाकावरून घसरला होता आणि साहेब जाळ्यावर गाढ झोपले होते.

थोड्या वेळाने बाई डोळे चोळत बाहेर आल्या. मी घाईघाईने सगळं कानात सांगितलं. भांगेचं ऐकल्यावर त्यांनी तोंडाला पदर लावला आणि खदखदा हसल्या, आवाज न करता, खांदे हलवत. मी साहेबांना उठवायला पुढे झाले तर माझा हात धरला. "नाय. निजू दे. त्याला बी कोणी सुट्टी दिली नसल."

साहेब उठले तेव्हा पाण्यावर संध्याकाळचं ऊन आलं होतं. समोर बाई चहाचा कप घेऊन उभ्या. झोपून उठलेल्या माणसाला रागावता येत नाही. तरी कर्तव्य म्हणून त्यांनी विचारलं, "बाई, स्पष्ट सांगा. भांग कुठे ठेवता?"

बाईंनी डोक्यावरच्या भांगावरून बोट फिरवलं. "एक इथं. दुसरा तो समोर, अष्टमीला येल. तिसरी तुमी म्हणता ती महादेवाची, ती आमच्यात कोण घेत नाय. हिरू, साहेबांना सांग."

हिरू पाटी खाली ठेवून, हात मागे बांधून ताठ उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "अष्टमीला चंद्र आणि सूर्य पृथ्वीशी काटकोनात असतात. त्यांची ओढ एकमेकांच्या विरुद्ध पडते. म्हणून भरती कमी येते. तिला भांगाची भरती म्हणतात."

साहेब हसायला लागले. चहा हिंदकळून फाइलीवर सांडला तरी हसत होते. "अहो, हे मी पाठ केलं होतं! परीक्षेत लिहिलं होतं! आणि समुद्र आज पहिल्यांदा बघतोय." डोळे पुसून त्यांनी विचारलं, "पुन्हा भांग कधी?" बाई म्हणाल्या, रविवारी. "मग रविवारी येतो."

आणि आले. बायको, दोन मुलं आणि डबा घेऊन आले. रविवारी सकाळी शाळा अशी गच्च भरली होती की साहेबांच्या मुलांना खिडकीत बसवावं लागलं. तिसरीला शिकवायला कोणी नव्हतं, तेव्हा बाईंनी साहेबांच्याच हातात खडू दिला. दुपारपर्यंत त्यांचा आवाज बसला. जाताना शेरेबुकात लिहून गेले : 'शाळा समुद्राप्रमाणे भरते. हरकत नाही. सातवी चालू ठेवावी.' मग बाईंना म्हणाले, "मास्तर मात्र माझ्याकडे नाहीत हो."

"मास्तर नायत तर नायत," बाई म्हणाल्या. "सुट्टी तरी ऱ्हाऊ द्या."

हिरू सातवी झाली. मागची रांग आली, बाई म्हणाल्या होत्या तशी. मास्तर येत राहिले, जात राहिले, पण पळून जाणाऱ्यांचं प्रमाण पुढे कमी झालं. कामगिरीवर आलेल्या त्या बार्शीच्या गुरुजींनी खरा प्रकार कळल्यावर स्वतःहून आमची शाळा मागून घेतली, आणि बोंबील खायलाही शिकले.

नव्वदच्या पुढे कधीतरी बाईंचा निवृत्तीचा महिना आला. सरकारी माणूस महिन्याच्या शेवटच्या तारखेला निवृत्त होतो आणि ती तारीख नेमकी उधाणात आली. मी निरोपसमारंभाचा विषय काढला तर म्हणाल्या, "उधाणात सुट्टी असते." मी म्हटलं, बाई, शेवटचा दिवस आहे. "असू दे ना. शेवटच्या दिवशी नेम मोडू का?" आणि घरात निघून गेल्या.

पण पालघरहून नवे साहेब निघालेच. शाल, श्रीफळ, हार, दोन कारकून. मी त्यांना घेऊन बाईंच्या ओट्यावर पोचले तेव्हा दुपार होती. किनाऱ्यावर वलांड्या बोंबलांनी भरलेल्या, बायकापोरांची एकच धांदल. आणि दारात आडवी पारूबाय. केस पांढरे झालेले, हातात तीच विळी.

"बाई निजल्यात. उठवाचं नाय."

हिरू आमच्या आधीच येऊन बसली होती. आता बोईसरला कारखान्यात पॅकिंगला होती, गळ्यात तिथलं ओळखपत्र. मी विचारलं, आज सुट्टी कशी मिळाली? हसत म्हणाली, "अर्ज लिहिला, बाई. कारण : उधाण. सुपरवायझर बनारसकडचा. म्हणाला, ये उधाण कौन है? तुम्हारा रिश्तेदार है क्या? मी म्हटलं, हां साब, मायके का है, महीने में दो बार आता है." आम्ही हसलो तशी ती म्हणाली, "सातवी बंद पडली असती तर अर्ज लिहिला कोणी असता?" आणि उठून आईच्या हातातली विळी घेऊन मासे साफ करायला बसली.

नवे साहेब शाल सांभाळत अवघडून उभे होते. दार लोटलेलं होतं. फटीतून मला बाई दिसल्या : चटईवर कुशीवर झोपलेल्या, गालाखाली हात, चष्मा उशाशी, पांढऱ्या झालेल्या केसांमधून तोच सरळ भांग. नोकरीचा शेवटचा दिवस त्या घोरत पुरा करत होत्या. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. इतकी वर्षं त्यांनी आम्हाला न मोडता वापरलं, म्हणून आम्ही टिकलो आणि शाळा टिकली, हे त्या क्षणी सांगावंसं वाटलं, पण ज्यांना सांगायचं त्या झोपलेल्या होत्या.

"किती वेळ लागेल?" साहेबांनी घड्याळ पाहत विचारलं.

"बसा साहेब," मी म्हटलं. "आज सुट्टी आहे."

ते बसले. वाऱ्याने जरा बरं वाटलं तसे भिंतीला टेकले. श्रीफळ मांडीवरून खाली ठेवलं. पारूबायने त्यांच्या तोंडाकडे बारकाईने पाहिलं, उठली, आणि आवाज न करता आत जाऊन त्यांच्यासाठी उशी घेऊन आली.